एदलाबादची ताडी

'ड्रग्ज' म्हटले की आम्हा गोवेकरांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. हणजूणचा किनारा, झावळ्यांचे शॅक, रात्रभर वाजणारे संगीत आणि पोस्टाच्या तिकिटाहूनही लहान असा रंगीत कागदाचा तुकडा. तो कागद जिभेवर ठेवला की माणसाला नसलेले रंग दिसतात, भिंती श्वास घेऊ लागतात, असे आम्ही शाळकरी वयापासून ऐकत आलो. त्या पदार्थाचे नाव एलएसडी. नशेने माणसाला नसलेले दिसते ते हणजूणला, आणि तेही परदेशी माणसाला, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत २०१५ साली गोव्यापासून शेकडो मैल दूर, आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका शेतघराच्या ओट्यावर मोडली. तिथे जो माणूस भिंतीवर नसलेल्या मुंग्या झटकत होता, त्याने एलएसडीचे नावही ऐकलेले नव्हते. गंमत अशी की त्याला जे दिसत होते, ते नशा केल्यामुळे नव्हे, तर नशा थांबल्यामुळे दिसत होते.

माझी एक मावसबहीण आदिलाबादला दिली आहे. सासरची माणसे मराठी बोलणारी, कापसाचा व्यवहार करणारी. तिच्या मुलाचे बारसे होते. चतुर्थीपूर्वी परत फिरायचे या अटीवर मी कचेरीतून आठवड्याची रजा काढली आणि मुंबईहून नंदीग्राम एक्स्प्रेस पकडली. किनवट मागे पडले, तेलुगू पाट्या सुरू झाल्या, तरी डब्यातले मराठी काही थांबेना. थांबणार तरी कसे? किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्यात, निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या नकाशात होते. भाषावार प्रांतरचनेत ते इकडे आले आणि उरलेला जिल्हा आंध्रात गेला. २०१४ साली तो तेलंगणात आला आणि २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. जुनी माणसे अजून गावाला 'एदलाबाद' म्हणतात. हे नाव विजापूरच्या आदिलशहावरून पडले असे सांगतात. पणजीला मांडवीच्या काठी ज्याचा वाडा आपण रोज बघतो, तोच हा आदिलशाहीचा वंश. म्हणजे परक्या गावी जातानाही ओळखीचे काहीतरी आधीच तिथे पोचलेले होते.

बारसे झाले. दुसऱ्या दिवशी भावोजींच्या शेतावर गेलो. तिथे त्यांचा सालगडी राहायचा. साठीचा, काटक, मितभाषी माणूस. घरातली मुले त्याला मामा म्हणत. रोज संध्याकाळी काम आटोपले की तो गावच्या सेंधीच्या दुकानावर जाई, दोन बाटल्या पिई आणि मुकाट्याने येऊन झोपे. तीस वर्षांत त्याने कोणाला शिवी दिली नव्हती की बायकोवर हात उगारला नव्हता. दारुडा म्हणावे असे त्याच्यात काहीही नव्हते.

आम्ही गेलो तेव्हा दुकान बंद होऊन तीन दिवस झाले होते. मामाचे हात सुपात धान्य पाखडावे तसे थरथरत होते. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. भिंतीवरून मुंग्या झटकत होता आणि कधीच मेलेल्या आपल्या मेव्हण्याशी तेलुगूत बोलत होता. घरच्या बाया म्हणाल्या, अंगात आले आहे. कोणीतरी लिंबू उतरवले. सूर्यास्ताच्या सुमाराला त्याला झटका आला, दात खिळले, आणि भावोजींनी जीप काढली.

सरकारी इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने त्याला तपासण्याआधीच एक प्रश्न विचारला. "गावातलं कल्लूचं दुकान कधीपासून बंद आहे?" तीन दिवसांपासून, असे भावोजींनी सांगताच तो म्हणाला, "मग बरोबर आहे. आज सकाळपासूनचा हा पाचवा." तेव्हा मला काहीच कळले नाही. ताडी म्हणजे आमची सूर. तिच्यावाचून माणूस असा होतो?

आपल्याकडची सूर आठवून पाहा. रेंदेर कमरेला काती बांधून माडावर चढतो, पोय कापतो, दामण्यात रस जमतो. सकाळचा रस गोड. उन्हे वर येईपर्यंत त्यातले यीस्ट साखरेची दारू करू लागते आणि दुसऱ्या दिवशी तोच रस आंबट होऊन व्हिनेगर बनतो. सान्नां फुगतात ती याच सुरेने. तिची भट्टी लावली की माडाची फेणी. चांगली आंबलेली ताडीसुद्धा दारूच्या प्रमाणात बियरच्या जवळपास, चार-पाच टक्के. तेलंगणात माडाच्या जागी ताड आणि शिंदी ही झाडे आहेत, आणि रेंदेराच्या जागी गौड, ज्यांना तिकडचे मराठी लोक कलाल म्हणतात. दोन बाटल्या अशा पेयाने माणसाला गुंगी येईल. पण ते तीन दिवस मिळाले नाही म्हणून झटके येणार नाहीत.

झटके ज्याचे होते, ते ताडीत बाहेरून आलेले होते. ही भेसळ तेलंगणात आजची नाही. क्लोरल हायड्रेट, डायझेपाम आणि अल्प्राझोलाम ही त्या पाहुण्यांची नावे. तिन्ही प्रयोगशाळेत जन्मलेली आणि तिन्ही मुळात रुग्णाला झोप आणि शांती देण्यासाठी आलेली.

क्लोरल हायड्रेट सर्वांत जुने. १८३२ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिगने दारूतल्या अल्कोहोलमधून क्लोरीन वायू सोडला, तेव्हा क्लोरल तयार झाले. म्हणजे याचा जन्मच अल्कोहोलच्या पोटी. पुढे १८६९ मध्ये बर्लिनच्या ओस्कार लीब्राइखला वाटले की हे रक्तात गेल्यावर क्लोरोफॉर्म सोडत असणार, म्हणून त्याने ते झोपेसाठी देऊन पाहिले. त्याचा तर्क चुकीचा होता, पण रोगी मात्र खरोखरच झोपले! प्रयोगशाळेत बनलेले हे पहिले झोपेचे औषध. अल्कोहोलबरोबर घेतले तर दोघे एकमेकांचा जोर वाढवतात आणि तिथेच ते धोक्याचे होते.

डायझेपामची कथा लिओ स्टर्नबाख या माणसाची. पोलंडमधल्या क्राकोव्हला शिकताना तो रंगांसाठी काही संयुगे बनवत असे. ज्यू असल्यामुळे युरोपातून अमेरिकेत जाणे त्याला भाग पडले, आणि तिथे न्यू जर्सीत रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत तो काम करू लागला. १९५७ मध्ये टेबल आवरताना जुन्या प्रयोगातले काही स्फटिक सापडले, फेकून देण्याऐवजी तपासायला पाठवले, आणि त्यातून बेन्झोडायाझेपीन औषधांचे अख्खे घराणे निघाले. १९६० साली लिब्रियम, १९६३ साली व्हॅलियम, म्हणजेच डायझेपाम. याच घराण्यातल्या रेणूला अपजॉन कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी आणखी एक कडे जोडले आणि अल्प्राझोलाम तयार केले. ते १९८१ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आले. डायझेपामची नेहमीची गोळी पाच मिलिग्रॅमची, तर अल्प्राझोलामची पाव किंवा अर्ध्या मिलिग्रॅमची. इतके ते तीव्र.

इथे मला हणजूण पुन्हा आठवले. एलएसडी बनवणारा आल्बर्ट हॉफमन स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरी सँडोज कंपनीत नोकरीला होता. राय धान्यावर वाढणाऱ्या अर्गट नावाच्या बुरशीतल्या आम्लावर काम करताना १९३८ साली त्याने ते तयार केले आणि १९ एप्रिल १९४३ रोजी फक्त २५० मायक्रोग्रॅम स्वतः घेऊन, डोके गरगरत असताना सायकलवरून तो घरी गेला. व्हॅलियम बनवणारी रोश कंपनीही मूळची बाझलचीच. एकाच शहरातल्या दोन कंपन्यांच्या दोन पावडरी. एक आमच्या किनाऱ्यावर आली, तिची जगभर कीर्ती झाली, तिच्यावर गाणी झाली. दुसरी शिंदीच्या मडक्यात शिरली आणि पिणाऱ्यालासुद्धा कळली नाही.

मामाला मुंग्या का दिसल्या, ते डॉक्टरने मला दुसऱ्या दिवशी समजावले. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन असते. पेशींची धावपळ शांत ठेवणे हे त्याचे काम. या गोळ्या गाबाचा जोर वाढवतात, म्हणून भीती जाते, स्नायू सैल पडतात, झोप येते. पण वर्षानुवर्षे रोज हेच चालले तर मेंदू उलट बाजूने रेटा देऊ लागतो. दाराला बाहेरून एक माणूस रेटतो आहे आणि आतून दुसरा. बाहेरचा अचानक बाजूला झाला तर आतला तोंडावर आपटणारच. थरथर, घाम, निद्रानाश, भास, झटके हे त्या आपटण्याचे प्रकार. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून त्याचे आपटणे लवकर आणि जोरात. एलएसडीचे भास ते पोटात गेल्यावर होतात आणि अर्ध्या दिवसात ओसरतात. त्याची अशी शारीरिक सवयही लागत नाही. इथे उलटे. औषध चालू असेतो माणूस शहाणा, आणि बंद पडले की वेडा. वेळीच इलाज झाला नाही तर जीवही जातो.

मामाचा आजार एकट्याचा नव्हता. त्याच सप्टेंबरात सरकारने भेसळीच्या ताडीविरुद्ध मोहीम उघडली होती आणि निजामाबाद, महबूबनगर या जिल्ह्यांत नशा तुटलेल्या माणसांनी इस्पितळे भरून गेली होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने दुकाने बंद पडली, तेव्हा हैदराबादच्या एर्रागड्डा इथल्या मनोरुग्णालयात तीच गर्दी पुन्हा लोटली. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात ताडी पिऊन काही माणसे दगावली आणि ताडीत अल्प्राझोलाम सापडले. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्याच शहरात एका खाजगी शाळेच्या इमारतीत अल्प्राझोलाम बनवण्याचा कारखाना पकडला गेला. खाली वर्ग भरत होते आणि वर पावडर शिजत होती. तो माल ताडीच्या दुकानांसाठीच होता.

पण दोष एकट्या दुकानदाराचा आहे का? मी कला शाखेचा पदवीधर, आवड इतिहासाची, म्हणून मला एक शब्द खुणावत राहिला. मराठीत दारूच्या अड्ड्याला 'गुत्ता' म्हणतात. गुत्ता या शब्दाचा मूळ अर्थ दारूशी संबंधित नाही. गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. म्हणजे दुकानाला नाव मिळाले ते आत मिळणाऱ्या पेयावरून नव्हे, तर सरकारशी झालेल्या करारावरून!

हैदराबाद संस्थानात जमीन महसुलाबरोबर आबकारी हा तिजोरीचा मोठा आधार होता. झाड रानात उभे असले तरी त्याच्या रसावर हक्क सरकारचा. तो हक्क मक्त्याने दिला जाई आणि मक्तेदार त्यावर आपली रक्कम वसूल करी. आदिलाबादच्या डोंगरातल्या गोंडांची मोहाची दारूही या हिशेबातून सुटली नाही. देवाला वाहायची आणि लग्नात वाटायची दारू आपल्याच घरी गाळली तर तो गुन्हा ठरू लागला. जंगल, जमीन आणि पाणी यांच्यावरच्या अशाच हक्कांसाठी कुमरम भीम लढला आणि १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेला. त्या बंडानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ याच्यावर गोंडांचा अभ्यास सोपवला. संस्थान गेले, राज्ये बदलली, १९६८ चा आबकारी कायदा आला, पुढे ताडी काढणाऱ्या गौडांच्या सहकारी संस्थांना दुकाने मिळाली. पण रक्कम आधी ठरते आणि रस नंतर निघतो, हा मूळ हिशेब सुटायला फार वेळ लागला.

आता झाडाचा हिशेब पाहा. शिंदीचे झाड दिवसाला काही लिटर रस देते, तोही हंगामापुरता. ताडाचे झाड लावल्यापासून रस द्यायला बारा-पंधरा वर्षे घेते. शेते रुंदावली, बांध तुटले, झाडे गेली. गौडांची पोरे शिकली, झाडावर चढून कंबर मोडून घ्यायला ती तयार नाहीत, आणि का असावीत? पण दुकानावरच्या बाटल्या मात्र कमी झाल्या नाहीत. मग एका मडक्याच्या रसात दहा मडकी पाणी मिसळले जाते. गोडीसाठी सॅकरीन, फेसासाठी आणखी काही. पाण्याला गुंगी कुठून आणायची? ती पावडर आणते. एक किलो अल्प्राझोलाम म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्या वीस लाख गोळ्या. एका पिशवीत तालुका झोपतो.

कायदा काय म्हणतो? १९७१ साली व्हिएन्नात मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला धरून आपल्याकडे १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा नवा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो लागू झाला. त्यात एलएसडी, डायझेपाम आणि अल्प्राझोलाम ही तिन्ही एकाच यादीत बसतात. शिक्षा वजनावर ठरते. एलएसडीचे ०.१ ग्रॅम म्हणजे व्यापारी प्रमाण, अल्प्राझोलामचे १०० ग्रॅम, डायझेपामचे ५०० ग्रॅम. त्याच्या वर सापडले तर दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आणि एक ते दोन लाखांचा दंड. हिशेब मांडला तर एलएसडीचे हे प्रमाण सुमारे हजार मात्रांचे होते आणि अल्प्राझोलामचे दोन लाख गोळ्यांचे. क्लोरल हायड्रेट तर १९७१ च्या कराराच्या यादीतच नाही. त्यासाठी आबकारी कायद्यातली भेसळीची कलमे लावावी लागतात. अल्प्राझोलामच्या गोळ्यांवर २०१४ पासून औषध दुकानांतही कडक बंधन आहे. डॉक्टरची चिठ्ठी हवी, दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंद ठेवायला हवी. मी ती वही पाहिली आहे. रुग्णाचे नाव, डॉक्टरचे नाव, गोळ्यांची संख्या, सगळ्यांचे रकाने.

माझे आयुष्य रकाने भरण्यात गेले. म्हणून मामाचा केसपेपर हातात आला तेव्हा मी आधी तिकडेच पाहिले. सवयीच्या रकान्यात लिहिले होते, 'मद्यपान'. ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. तो दारूने आजारी पडला नव्हता. पण 'झोपेच्या गोळ्या' असे लिहिणार तरी कसे? डॉक्टरने त्याला भावोजींकरवी विचारलेच होते, तू गोळ्या घेतोस का? मामा शुद्धीवर आला होता. मान हलवून म्हणाला, "साहेब, मी आयुष्यात कधी झोपेची गोळी खाल्ली नाही." आणि त्याच्या परीने तो अगदी खरे बोलत होता. आजोबा प्याले, बाप प्याला, तेच आपण पितो आहोत अशी त्याची समजूत. चव थोडी कडवट झाली होती, असे तो नंतर म्हणाला, पण म्हातारपणी जीभच तशी होते असे त्याला वाटले.

उपचार काय झाला, ते ऐकून मी चकित झालो. त्याला डायझेपामच दिले. ताडीतून जे चोरून जात होते, तेच आता मोजून, आणि दर काही दिवसांनी थोडे कमी करत. आतून दार रेटणाऱ्याला हळूहळू सैल होऊ द्यायचे, एवढीच त्यातली युक्ती. एकदम बंद करणे हा इलाज नव्हे. पंधरा-वीस दिवसांत थरथर थांबली, असे बहिणीने फोनवर कळवले. दुकाने बंद करताना शेजारीच अशा गोळ्यांची सोय केली असती, तर किती घरे त्या आठवड्यातून सुखरूप निघाली असती, असे मला राहून राहून वाटते. विक्रेत्याला पकडायला कायदा आहे. पिणाऱ्याला सोडवायला मात्र कोणाला तरी आधी हे कळावे लागते की तो कशात अडकला आहे.

एक गोष्ट सांगितली नाही तर गौडांवर अन्याय होईल. परतीच्या दिवशी भावोजी मला पहाटे एका शिंदीच्या झाडाखाली घेऊन गेले. वर चढलेला माणूस पन्नाशीचा होता. त्याने मडके उतरवले, मोहाच्या पानाचा द्रोण केला आणि रस ओतून दिला. गोड, गार, किंचित धुराचा वास असलेला. "दुकानाला देत नाही," तो मराठीत म्हणाला, "झाडाखाली या, झाडाखाली प्या." त्याच्याकडे अकरा झाडे उरली होती.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मी घरी पोचलो. आमच्या वाड्यावर माझ्या लहानपणी तीन रेंदेर होते, आता एकही नाही. सान्नांसाठी आई बाजारातून यीस्टची पुडी आणते. अजून तरी आम्हाला कोणी सुरेच्या नावाने दुसरे काही विकलेले नाही. पण झाड गेले, चढणारा गेला, आणि पिण्याची सवय तेवढी राहिली, की मधली रिकामी जागा कोण भरतो, ते मी एदलाबादला पाहून आलो आहे.